दगडी चेहऱ्याचा बस्टर

चार्ली चॅप्लिन माहीत नाही असं तुमच्यात कुणी नसेल. आखूड मिशी, ढगळ विजार, हातात काठी. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक तरी चार्ली स्टेजवर येतोच. जाड्या-रड्या, म्हणजे लॉरेल आणि हार्डी, हेही निदान तुमच्या आई-बाबांच्या ओळखीचे. पण मी वर्गात ‘बस्टर कीटन’ हे नाव घेते तेव्हा मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मागच्या बाकावरून एखादा विचारतो, ‘‘बाई, क्रिकेटर आहे का?’’

क्रिकेटर नाही. पण चेंडूसारखा फेकला गेलेला मात्र आहे, आणि तोही स्वतःच्या वडिलांकडून! ती गोष्ट पुढे येईलच. आधी त्याच्या चेहऱ्याबद्दल सांगते. बस्टर कीटन हा हॉलिवूडच्या मूकपटांतला विनोदवीर. त्यानं जगाला पोट धरधरून हसवलं, पण पडद्यावर स्वतः मात्र तो हसत नसे. भिंत पडो, बोट बुडो, मागे शंभर पोलीस लागोत, चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. अमेरिकेत त्याला ‘दगडी चेहऱ्याचा’ असंच म्हणत. मोठे, जरा उदास डोळे आणि डोक्यावर थाळीसारखी चपटी टोपी. ही टोपी तो घरीच बनवी. साधी फेल्ट हॅट घ्यायची, कापून बुटकी करायची आणि साखरेच्या पाण्यात भिजवून वाळवायची. साखर वाळली की टोपी कडक! चित्रपटात टोप्यांचे इतके हाल होत, की एकेका चित्रपटासाठी त्याला बऱ्याच टोप्या लागत.

हा माणूस मला इतका जवळचा वाटतो, त्याला कारण माझाच चेहरा. लहानपणापासून तो गंभीर. मनात कितीही उकळ्या फुटत असल्या तरी तोंडावर काही दिसायचं नाही. घरी पाहुणे आले की आत्या म्हणायची, ‘‘अगं, हस की जरा! एरंडेल प्यायल्यासारखं तोंड काय केलंयस?’’ वर्गात माझं नावच ‘एरंडेल’ पडलं होतं. लग्नकार्यात फोटोग्राफर सगळ्यांना सोडून मलाच म्हणायचा, ‘‘बेबी, स्माइल!’’ मी ओठ ताणले, की फोटोत दाढ दुखत असल्यासारखी दिसे. मुलीच्या जातीनं कसं हसतमुख असावं, हे तर उठता-बसता कानावर पडायचं. आज हे सांगताना गंमत वाटते. तेव्हा मात्र मी रात्री पांघरुणात रडलेली आहे.

मी सातवीत असताना मामा मला एका फिल्म सोसायटीच्या खेळाला घेऊन गेला. हायस्कूलच्या हॉलमध्ये पांढरा पडदा बांधलेला, मधोमध टेबलावर सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि शेजारी पुण्याहून एसटीनं आलेले रिळांचे डबे. चित्रपट मुका, त्यामुळे हॉलमध्ये प्रोजेक्टरची टरटर तेवढी ऐकू येत होती. चित्रपटाचं नाव ‘द जनरल’. त्याचा नायक इंजिन ड्रायव्हर असतो. त्याची मैत्रीण त्याच्यावर रुसून निघून जाते. बिचारा विचारात हरवून इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या पोलादी दांड्यावर जाऊन बसतो. तेवढ्यात इंजिन सुरू होतं. दांडा चाकांबरोबर वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. त्याच्याबरोबर हाही वर-खाली, वर-खाली! आणि याला पत्ताच नाही. इंजिन शेडमध्ये शिरताना कुठे त्याच्या लक्षात येतं.

सगळा हॉल हसत होता. पडद्यावरचा तो तेवढा हसत नव्हता. मामा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, ‘‘तुझाच भाऊ दिसतोय गं!’’

त्या दिवसानंतर ‘एरंडेल’ ही हाक मला फारशी लागली नाही. आणि हा भाऊ कोण, कुठला, याचा शोध मी घ्यायला लागले.

त्याचं खरं नाव जोसेफ फ्रँक कीटन. जन्म ४ ऑक्टोबर १८९५ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या बारक्याशा गावातला. ते काही त्याचं गाव नव्हे. आई-वडील दोघंही फिरत्या खेळात काम करणारे. आपल्याकडे तमाशाचे फड किंवा सर्कशी गावोगाव हिंडतात ना, तसंच. मुक्काम पिक्वाला पडला होता, म्हणून मूल पिक्वाला जन्मलं. बस्टर हे नाव कसं पडलं त्याची एक गोष्ट कीटन कुटुंबात सांगितली जाई. पोर अगदी लहान असताना जिन्यावरून गडगडत खाली आलं आणि काही न झाल्यासारखं बसून राहिलं. तिथे प्रसिद्ध जादूगार हूदिनी होते. त्यांनी हे बघून ‘बस्टर’ हा शब्द उच्चारला. त्या काळच्या बोलीत बस्टर म्हणजे जोरात आपटणं. गोष्ट ऐकायला झकास आहे, पण ती अक्षरशः खरी असावी असं अभ्यासकांना वाटत नाही. पोर आपटत मोठं झालं, एवढं मात्र शंभर टक्के खरं.

पाच वर्षांचा होण्याच्या सुमारास तो आई-वडिलांबरोबर रंगमंचावर येऊ लागला. खेळाचं नाव ‘थ्री कीटन्स’. आई सॅक्सोफोन वाजवायची. वडील ‘मुलांना शिस्त कशी लावावी’ हे लोकांना दाखवायचे. मुलगा खोड्या काढायचा, मग वडील त्याला उचलून फेकायचे. कधी पडद्यावर, कधी खाली वाजवणाऱ्यांच्या अंगावर. उचलायला सोपं जावं म्हणून पोराच्या कोटाला पाठीमागे चक्क सुटकेसचं हँडल शिवलेलं असे!

आता हे वाचून तुम्ही हसाल, आणि तुमच्या आई-बाबांच्या कपाळाला आठी पडेल. मला दोन्ही होतं. त्या काळीही लोकांना प्रश्न पडलाच होता. मुलांना छळापासून वाचवणारी एक संस्था न्यूयॉर्कमध्ये होती, तिची माणसं कीटन कुटुंबाच्या मागे लागली. बस्टरचे कपडे काढून अंगावर वळ, काळं-निळं काही आहे का ते तपासलं गेलं. काही सापडलं नाही. तरी पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या खेळावर काही काळ बंदी आलीच. बस्टर स्वतः जन्मभर सांगत राहिला की मला कधी लागलं नाही, पडायची एक युक्ती असते. अंग सैल सोडायचं, पडताना हात किंवा पाय आधी टेकवून धक्का वाटून घ्यायचा. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून सांगते की यात तथ्य आहे. धक्का जितका जास्त वेळात आणि जितक्या जास्त जागेवर विभागला जाईल तितकी इजा कमी. पण ही गोष्ट त्यानं अगदी लहान वयापासून रोज करून अंगात मुरवली होती. तेव्हा पलंगावरून गादीवर प्रयोग करायचा विचार जर मनात आला असेल, तर तो तिथेच सोडून द्या.

आणि एक गोष्ट याच वयात त्याच्या ध्यानात आली. आपण आपटल्यावर स्वतःच हसलो तर लोक कमी हसतात. तोंड गंभीर ठेवलं, की हॉल डोक्यावर घेतात. झालं! चेहरा दगडी झाला तो असा. म्हणजे तो चेहरा दुःखाचा नव्हताच, कामाचा होता. हे मला कळलं तेव्हा आत्याला जाऊन सांगावंसं वाटलं होतं.

बस्टर शाळेत असा गेलाच नाही. लिहा-वाचायला उशिरा शिकला, तेही आईकडून. पुढे वडिलांचं दारू पिणं वाढलं. फेकणाऱ्याचा हातच जर डळमळीत झाला, तर फेकल्या जाणाऱ्यानं काय करायचं? १९१७ साली आई आणि एकवीस वर्षांचा बस्टर खेळ सोडून निघून गेले. ज्या हातांवर त्यानं आयुष्यभर विश्वास टाकला, ते हात सोडणं किती कठीण गेलं असेल!

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याची गाठ रॉस्को आर्बकल या गलेलठ्ठ, नामांकित विनोदी नटाशी पडली. आर्बकलनं त्याला चित्रपटाचं शूटिंग बघायला बोलावलं. दुसरा कुणी असता तर नट-नट्यांकडे बघत बसला असता. बस्टरनं काय केलं असेल? कॅमेरा मागितला! तो घेऊन आपल्या खोलीवर गेला, सगळा खोलून सुटा केला, कुठला भाग काय करतो ते बघितलं आणि पुन्हा जोडून परत नेऊन दिला. मला विचाराल तर बस्टर कीटन समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पुरे आहे. जिच्याशी खेळायचं ती वस्तू आतून कशी चालते हे त्याला कळायला हवं असे. घर असो, बोट असो, नाहीतर आगगाडी असो.

मधे पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात जावं लागलं. फ्रान्समध्ये असताना कानाला संसर्ग झाला आणि ऐकू येणं कायमचं कमी झालं. परत आल्यावर १९२० पासून तो स्वतःचे छोटे चित्रपट काढू लागला. त्यातला पहिलाच प्रसिद्ध झालेला ‘वन वीक’. नुकतं लग्न झालेल्या जोडप्याला भेट म्हणून एक घर मिळतं, पण सुटं, खोक्यांत भरलेलं. खोक्यांवर नंबर असतात, त्या क्रमानं जोडायचं. एक जळका माणूस गुपचूप नंबर बदलून ठेवतो. आणि मग जे घर उभं राहतं, अहाहा! दार वरच्या मजल्यावर, भिंती तिरक्या, छप्पर कुठल्या कुठे. वादळ आलं तर अख्खं घर जत्रेतल्या चक्रासारखं गरगर फिरतं. हे घर कागदावरचं चित्र नव्हतं, खरंखुरं बांधून फिरवलेलं होतं.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हता हे लक्षात ठेवा. ‘द प्लेहाउस’ या १९२१ सालच्या चित्रपटात एका नाटकघरातले सगळे लोक बस्टरच आहेत. वाजवणारे तेच, नट तेच, प्रेक्षकांतल्या बायका आणि पोरंसुद्धा तोच! एका दृश्यात तर नऊ बस्टर एका ओळीत दिसतात. कसं केलं? कॅमेऱ्याच्या भिंगासमोर नऊ उभ्या फटींचं झाकण लावलं. पहिली फट उघडायची, बाकीच्या बंद. दृश्य चित्रित करायचं. मग फिल्म उलटी गुंडाळून पुन्हा सुरुवातीला आणायची, दुसरी फट उघडायची, बस्टरनं दुसऱ्या जागी जाऊन काम करायचं. असं नऊ वेळा. कॅमेरा तेव्हा हातानं फिरवत. हात एकदा जरी जास्त भरभर फिरला असता तरी नऊ जणांच्या हालचाली जुळल्या नसत्या. तो हात एल्गिन लेस्ली या कॅमेरामनचा होता. लोक बस्टरचं नाव घेतात, लेस्लीचं कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगितलं.

पुढचे मोठे चित्रपट सगळे सांगत बसले तर अंक पुरायचा नाही. ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) मध्ये सिनेमा दाखवणारा एक मुलगा झोपेत पडद्याच्या आत शिरतो. शिरतो खरा, पण आतली जागा सारखी बदलत राहते. बाकावर बसायला जावं तर बाकाऐवजी रस्ता, रस्त्यावर चालावं तर समोर कडा, कड्यावरून वाकून बघावं तर सिंह! बस्टर मात्र दर वेळी अगदी त्याच जागी. त्यासाठी जमीन मोजणाऱ्यांची उपकरणं आणून कॅमेरा आणि त्याच्यामधलं अंतर मोजलं जाई. याच चित्रपटात तो रेल्वेच्या पाण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळतो आणि पाण्याचा लोंढा त्याला खाली रुळावर आदळतो. काही दिवस डोकं भयंकर दुखलं, तरी पठ्ठ्या काम करत राहिला. बऱ्याच वर्षांनी डॉक्टरनं एक्स-रे काढला आणि विचारलं, ‘‘मान कधी मोडली होती?’’ यानं शौर्य वाटून घेऊ नका. ते शुद्ध नशीब होतं.

आता ‘द जनरल’. १८६२ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या हेरांनी दक्षिणेतली एक आगगाडी पळवली आणि गाडीवाल्यांनी तिचा पाठलाग केला, ही खरी घडलेली हकीकत. बस्टरनं त्यावर चित्रपट बेतला आणि १९२६ च्या उन्हाळ्यात ओरेगॉन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्ह या गावी चित्रित केला. तिथे जुन्या काळच्या इंजिनांना चालतील असे रूळ होते. मोठी झाल्यावर मला या चित्रपटातली एक गोष्ट खटकली, तीही सांगते. दक्षिणेकडची राज्यं गुलामगिरी टिकवायला लढत होती आणि नायक त्यांच्या बाजूचा. चित्रपट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. हे ध्यानात ठेवूनच तो बघावा.

पण त्यातला एक प्रसंग मी दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवते. धावत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बस्टर बसलाय. हातात रुळाखालचा एक जड लाकडी स्लीपर. समोर रुळावर शत्रूनं दुसरा स्लीपर आडवा टाकलाय. गाडी त्यावर चढली की घसरणार. उतरून उचलायला वेळ नाही. बस्टर हातातला स्लीपर उचलतो आणि पडलेल्या स्लीपरच्या रुळाबाहेर आलेल्या टोकावर नेमका आदळतो. सी-सॉसारखा तो उलटून बाजूला उडतो, हातातलाही जातो, रूळ मोकळा! तरफेचा नियम याहून चांगला कुठल्या पुस्तकात मला दिसलेला नाही. आणि हे एका सलग दृश्यात, खऱ्या चालत्या इंजिनावर. नेम चुकला असता तर? मुलं हाच प्रश्न विचारतात. मी म्हणते, म्हणून तर आधी गणित.

मघाशी सांगितलेला दांड्यावर बसण्याचा प्रसंगही असाच. ड्रायव्हरनं वाफ जरा जास्त सोडली असती आणि चाकं जागच्या जागी गरगरली असती, तर बस्टर कुठल्या कुठे फेकला गेला असता. पडद्यावर दिसतं ते फक्त एका उदास माणसाचं वर-खाली होणं.

याच चित्रपटासाठी २३ जुलै १९२६ रोजी एक खरं इंजिन जळत्या पुलावरून खऱ्या नदीत पाडलं. गंमत पुन्हा करून बघता येणार नव्हती, एकच संधी. त्या एका दृश्याला सुमारे ४२ हजार डॉलर लागले असं सांगतात. ते इंजिन पुढे कित्येक वर्षं नदीतच पडून होतं. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा ते भंगारासाठी काढलं.

एवढं करून झालं काय? चित्रपट पडला! समीक्षकांना आवडला नाही, पैसे वसूल झाले नाहीत. आणि १९७२ साली जगभरच्या समीक्षकांनी ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकासाठी सर्वोत्तम दहा चित्रपट निवडले, तेव्हा त्यात ‘द जनरल’ होता. तेव्हा बस्टर जाऊन सहा वर्षं झाली होती.

‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) मधली भिंत तर तुम्ही पाहिलीही असेल, नाव माहीत नसताना. वादळात एका दुमजली घराची अख्खी दर्शनी भिंत बस्टरच्या अंगावर पडते. पण तो जिथे उभा असतो, बरोबर तिथेच माळ्याची उघडी खिडकी येते आणि तो त्या चौकटीत सहीसलामत उभा राहतो. भिंत कापडाची नव्हती, चांगली दोन टन वजनाची होती असं सांगतात. हलकी असती तर वाऱ्यानं वळली असती. खिडकीत चारी बाजूंनी दोन-दोन इंचांची मोकळीक, असं बस्टरच सांगे. पाय कुठे ठेवायचे तिथे जमिनीत खूण केलेली. भिंत पडताना कंपनीतल्या काहींनी तोंड फिरवलं. बस्टर हलला नाही. हलणंच धोक्याचं होतं!

इथवरची गोष्ट मला सांगायला आवडते. यापुढची आवडत नाही, पण ती गाळली तर खोटं बोलल्यासारखं होईल.

आतापर्यंत बस्टर आपल्या छोट्या कंपनीत, आपल्या माणसांबरोबर काम करत असे. पटकथा लिहिलेली नसे. सुरुवात आणि शेवट सापडला की कामाला लागायचं, मधलं सुचत जाईल. सुचलं नाही तर सगळे जण बेसबॉल खेळायचे! खेळता खेळता कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी येई, की बॅट टाकून पुन्हा कॅमेऱ्याकडे. १९२८ मध्ये तो एमजीएम या बलाढ्य कंपनीत गेला. चॅप्लिननं आणि हॅरॉल्ड लॉइड या दुसऱ्या विनोदवीरानं त्याला जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. पुढे बस्टरनं स्वतःच लिहून ठेवलं, की तिथे जाणं ही आपली सगळ्यात मोठी चूक होती.

एमजीएमची माणसं काही दुष्ट नव्हती. त्यांची पद्धतच वेगळी. प्रत्येक गोष्ट आधी कागदावर. विनोद लिहिणारे वेगळे, पास करणारे वेगळे. उड्या मारायला दुसरा माणूस, कारण नटाचं हाड मोडलं तर शूटिंग थांबून नुकसान होणार. ज्या माणसानं भिंतीची जागा स्वतः मोजली, त्याला आता लोक सांगू लागले, इथे उभं राहा आणि हे वाक्य म्हण. बोलपट आले होते. त्याचे बोलपट चालले, पैसेही मिळाले, पण ते बघताना आपला बस्टर कुठेतरी मागे राहिलाय असं वाटत राहतं. मी दोन पाहिले, तिसरा अर्ध्यात बंद केला.

तो दारू पिऊ लागला. ज्या सवयीनं वडिलांचा हात डळमळला, तीच मुलालाही लागली. १९३२ मध्ये घटस्फोट झाला. दोन मुलगे आईकडे गेले आणि त्यांचं आडनावही बदललं गेलं. १९३३ मध्ये एमजीएमनं त्याला काढून टाकलं. सात वर्षांपूर्वी ज्यानं नदीत आगगाडी पाडली, तो माणूस रिकामा झाला.

मग तो पुन्हा उभा राहिला, पण चित्रपटात होतं तसं झटक्यात नव्हे. हळूहळू, बरीच वर्षं घेऊन. त्याच एमजीएममध्ये तो परत गेला, नट म्हणून नव्हे, तर दुसऱ्या नटांसाठी विनोद सुचवणारा म्हणून, अगदी थोड्या पगारावर. मार्क्स बंधू, रेड स्केल्टन यांच्यासाठी पडद्यामागे बसून युक्त्या काढायच्या. नाव नाही, टाळ्या नाहीत. तिथेच त्याची ओळख एलिनॉर नॉरिस या तरुण नर्तिकेशी झाली. १९४० मध्ये त्यांनी लग्न केलं. लोक म्हणाले टिकायचं नाही. ते शेवटपर्यंत टिकलं. १९४७ मध्ये पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत तो विदूषक म्हणून उतरला. बावन्नाव्या वर्षी पुन्हा आपटणं सुरू! १९५२ च्या ‘लाइमलाइट’ मध्ये तो आणि चॅप्लिन एकत्र आले. दोघांचा हा एकमेव एकत्र चित्रपट. त्यात दोघं म्हातारे कलाकार एक संगीताचा कार्यक्रम करायला बघतात आणि तो काही केल्या सुरूच होत नाही. बस्टरच्या हातातून पियानोच्या नोटेशनचे कागद सारखे घसरत राहतात. बस्, एवढंच तो करतो. ते पाहून मी डोळ्यांतून पाणी येईतो हसले आहे. हो, माझ्या चेहऱ्यानंसुद्धा.

त्याच्या जुन्या चित्रपटांचं काय झालं होतं? बरेच हरवले असं सगळे धरून चालले होते. जुनी फिल्म पेट घेणारी, ठेवली तर कुजणारी. बस्टरचा एके काळचा बंगला पुढे जेम्स मेसन या नटानं विकत घेतला. त्याच्या आवारातल्या एका खोलीत काही डबे सापडले, आणि डब्यांत बस्टरचे चित्रपट! १९५० च्या दशकात त्यांच्या नव्या प्रती निघू लागल्या. लोक पुन्हा बघू लागले. १९६० मध्ये त्याला मानाचं ऑस्कर मिळालं. त्याआधी त्याच्या आयुष्यावर एका कंपनीनं चित्रपट काढला होता. चित्रपट सुमार, हकीकत बरीच खोटी. पण त्याच्या हक्काच्या पैशांतून त्यानं एक छोटं घर घेतलं, कोंबड्या पाळल्या आणि अंगणात खेळण्यातली आगगाडी टाकली. ती गाडी पाहुण्यांपर्यंत खाण्याचे पदार्थ नेऊन पोचवत असे. असं घर मला फार हवंय.

१९६४ च्या शरद ऋतूत कॅनडाच्या सरकारी चित्रपट संस्थेनं त्याला ‘द रेलरॉडर’ या छोट्या चित्रपटासाठी बोलावलं. रुळावरून धावणाऱ्या उघड्या ट्रॉलीवर बसून एक म्हातारा अख्खा कॅनडा पार करतो, एवढीच गोष्ट. बस्टर तेव्हा एकोणसत्तरीला आला होता, खोकत होता. एका प्रसंगात त्यानं मोठा थोरला नकाशा उलगडायचा आणि त्यात पुरता गुरफटून जायचं, असं ठरलं होतं. बस्टरला हे उंच पुलावरून जाताना करायचं होतं. तरुण दिग्दर्शकाला भीती वाटली. त्यानं पुलासाठी दुसरंच साधं काहीतरी सुचवलं. बस्टर चांगलाच वैतागला. पुलावर नकाशा नसेल तर त्यात हसण्यासारखं राहिलं काय? शूटिंग चालू असताना या सगळ्याचा एक वेगळा माहितीपटही काढला गेला, म्हणून हा वाद आज आपल्याला बघायला मिळतो. शेवटी बस्टरचं ऐकलं गेलं. खोल दरी, वर नुसते रूळ, त्यावर ट्रॉली, आणि ट्रॉलीवर कागदाचं फडफडणारं एक गाठोडं, आत बस्टर कीटन. दोन मिनिटांत पलीकडे.

१ फेब्रुवारी १९६६ ला तो गेला, फुप्फुसाच्या कर्करोगानं. वय सत्तर.

आता तुम्ही विचाराल, आधी कुठला बघू? ‘वन वीक’ बघा. वीस-पंचवीस मिनिटांचा आहे, शंभर वर्षांहून जुना असल्यामुळे इंटरनेटवर मोफत मिळतो, आणि मुका असल्यामुळे इंग्रजी न समजणाऱ्या आजीलाही शेजारी बसवता येईल. शेवटी ते वाकडं घर ओढून नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकतं आणि लांबून गाडी येताना दिसते. पुढे काय होतं ते सांगत नाही. फक्त पहिली गाडी निघून गेली म्हणून लगेच हुश्श करून उठू नका.